आधी कंदील सोडायचा

भूपाल चौगुले आमच्या नाटकात राजा नाही.
नावातच राजा असून
तो राजाचा दोस्त,
तिसऱ्या अंकात रानवाटेवर मारला जाणारा.
मी विंगेत. मांडीवर वही, हातात बोटभर बॅटरी.
भूपालला कधी शब्द पुरवावा लागला नाही.
राजाला लागतो. प्रत्येक खुनाआधी राजा अडखळतो
आणि मी अंधारातून हळूच सांगतो
पुढचं वाक्य.

नाटक तासगावच्या कुंभोजकर मास्तरांचं,
जुन्या विलायती शोकांतिकेच्या धाटणीचं:
पाच अंक, सात मढी, आणि मधे एक भला माणूस.
मास्तर म्हणाले, "पांढऱ्या धोतरावरच डाग कळतो."
भूपाल हसला.
"पण मास्तर, कौल तर मलाबी मिळालाय की, त्याच रात्री.
मलाबी वाटलंच असणार, राज्य असावं.
मी रातभर जागलो, एवढाच फरक."
मास्तरांनी ते नाटकात घेतलं नाही.
मी वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

दिवसा आम्ही दोघं मार्केट यार्डात,
तो तोलार, मी त्याच अडतीचा दिवाणजी.
सौद्याच्या दिवसांत हळदीची धूळ भुवयांवर बसते,
रुमाल पिवळा, थुंकी पिवळी,
डब्यातल्या भाकरीवर बोटांचे ठसे.
शेठ म्हणाले, पोत्यामागं किलो. फक्त किलो.
भूपालनं काटा पुरता थांबू दिला
आणि मोठ्यानं म्हटलं, एकावन्न.
मी पट्टीवर लिहिलं, पन्नास.
त्यानं माझ्याकडं पाहिलं. बोलला नाही.
पुढचं पोतं: एकावन्न दोनशे.
पन्नास दोनशे.
असं दुपारपर्यंत, एकशेचाळीस पोती,
त्याचा आवाज आणि माझा हात.

पुढच्या सोमवारी काट्यावर दुसरा माणूस होता.
शेठनी सुपारी कातरता कातरता विचारलं होतं,
"चौगुल्याचं काय करूया?"
मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तसं.
ते वाक्य मला कुणी पुरवलं नव्हतं.

तो तालमीला येतच राहिला.
समडोळीहून सायकलवर, विश्रामबागेतल्या शाळेत,
दिवस मावळायच्या आत जेवून.
रात्रीचं खात नाहीत त्याच्या घरी.
म्हणून चौथ्या अंकात, मेलेला दोस्त
राजाच्या पंगतीला येऊन बसतो तेव्हा
पानातल्या जिलेबीला तो बोटही लावत नाही.
मास्तरांना वाटतं, काय अभिनय!
त्यानं बघायचं असतं राजाकडं.
बघतो विंगेत.

माझे वडील हरिपूरला पेवांत उतरायचे,
वीस-पंचवीस फूट खाली, हळदीच्या पोटात.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, सांगायचे.
आतली हवा आवाज न करता माणूस मारते.
आधी कंदील सोडायचा, दोरीनं.
जळत राहिला तर उतरायचं.
विझला तर तोंड उघडं ठेवून थांबायचं, एक दिवस, दोन दिवस.
विझलेल्या कंदिलावर कुणी रागवत नाही.
रडतही नाही म्हणा.

आज स्पर्धेचा प्रयोग.
राजा मारेकऱ्यांपुढं उभा,
दोस्ताचं नाव घ्यायचंय, आणि अडखळला.
माझ्या बोटाखाली ओळ आहे.
शेजारी भूपाल, शेला नीट करत,
स्वतःच्या मरणाची वाट बघत उभा.
मी तोंड उघडलं नाही.
पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं.
राजा माझ्याकडं बघतोय, मी वहीत,
किती वेळ गेला कुणास ठाऊक,
मग राजानं ते नाव
आपलं आपणच घेतलं, अगदी स्वच्छ,
आणि थिएटर टाळ्यांनी भरून गेलं.

भूपाल वाकला माझ्या वहीवर.
मला वाटलं, आता बोलेल.
"सेल उतरलाय तुझा," म्हणाला, "बदल की,"
आणि उजेडात गेला.